आडवा पडदा आणि बाबांचे पुठ्ठे

लॅपटॉपला एक रुंद पडदा जोडायचा की दोन साधे, हा प्रश्न माझ्यापुरता तांत्रिक नव्हताच. मला भिंत हवी होती, आणि ती बाबांना कळू न देता हवी होती.

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल एकच, चार फूट लांब. त्याच्या एका बाजूला मी लॅपटॉप घेऊन बसायचे, समोर बाबा पेपर घेऊन. दोन वर्षांपूर्वी संसार मोडून मी दोन बॅगांसह या घरी परत आले, तेव्हापासूनची ही मांडणी. आई गेल्यापासून बाबा इथे एकटेच राहत होते. मी आले त्या दिवशी त्यांनी "जेवलीस का?" एवढंच विचारलं. कारण नाही, नवऱ्याचं नाव नाही, पुढे काय तेही नाही. त्या एका विषयावर जे बोलायचं राहिलं, ते त्यांनी बाकीच्या सगळ्या विषयांवर बोलून भरून काढलं.

मी कंपन्यांची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणते. मिक्सर, गीझर, पाण्याचे फिल्टर. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी आणि जोडीला शब्दांची यादी, एवढं सगळं लॅपटॉपच्या चिमुकल्या पडद्यावर मावत नाही. त्यात मी मान वर केली रे केली की समोरून सुरू. "आज पाणी येणार नाही म्हणे." "तुझ्या त्या बाईंना सर्दी झालीये का? आवाज बसलाय." एकदा तर मीटिंग चालू असताना, माझ्या आधी त्यांनीच उत्तर दिलं, "शुक्रवारपर्यंत नाही व्हायचं तिचं. दुपारी झोपते ती." माझ्या संपादकबाईंना मराठी उत्तम समजतं.

शेवटी विश्रांतवाडीच्या मैत्रिणीकडे जाऊन येते असं सांगून मी तिथे दोन खोल्यांची एक जागा बघून आले. जागा चांगली होती. पण बाबांना सोडून जायचं धाडस होत नव्हतं, आणि त्यांच्यासमोर बसून काम होत नव्हतं. म्हणून ठरवलं, आधी पडदा. चौतीस इंची, एकसंध, आडवा. टेबलावर मधोमध ठेवला की पलीकडचा माणूस दिसेनासा होतो, हा त्याचा गुण कुठल्याही जाहिरातीत नव्हता, तो माझा मी शोधला. पडद्याने भागलं तर राहायचं, नाहीतर विश्रांतवाडी.

बाबांना अर्थातच मानेच्या दुखण्याचं कारण सांगितलं.

"दोन छोटे घे," ते लगेच म्हणाले. "एक बिघडला तर दुसरा असतो."

"मला एकच हवाय."

"मग मांडून बघू. घेतल्यावर बघण्यात काय अर्थ आहे?"

बाबा सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांचा उभा जन्म पट्टी आणि पेन्सिल घेऊन नकाशे काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून फ्रिजचं खोकं उतरवलं. फ्रिज जाऊन चार वर्षं झाली होती, खोकं मात्र जागेवर होतं. दुपारपर्यंत त्यातून तीन मॉनिटर तयार झाले, एक रुंद, दोन साधे, प्रत्येकाला पुठ्ठ्याचाच पाय. कोपऱ्यात 'स्केल १:१' आणि खाली सही. चार दिवस दोन वापरायचे, चार दिवस एक, मग निर्णय. मी चाळिशी ओलांडलेली बाई, खोक्याच्या तुकड्याकडे बघत गीझरचं माहितीपत्रक लिहायला बसले.

पहिल्या पाळीत दोन साधे. बाबांनी ते मांडले, पण मधे वीतभर फट ठेवून.

"ही फट कशाला?"

"हवा खेळती राहिली पाहिजे. यंत्र तापतं."

"पुठ्ठा तापतो का, बाबा?"

"सवय नको का व्हायला?"

त्या फटीत बरोब्बर त्यांचा चष्मा यायचा. ते चहा टाकायला उठले की मी दोन्ही पुठ्ठे सरकवून एकमेकांना चिकटवायचे. ते कप घेऊन यायचे, "हा ठेवू कुठे?" म्हणत पुन्हा फट पाडायचे आणि कप नेमका मधे ठेवायचे. दिवसातून तीन वेळा हे व्हायचं, आणि दोघांपैकी कोणीही त्याबद्दल चकार शब्द काढायचं नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. मला पुठ्ठ्यांसमोर गंभीर चेहऱ्याने बसलेली बघून दारातच थबकल्या.

"नवीन घेतले वाटतं?"

"हो," बाबा म्हणाले. "यांना वीज लागत नाही."

मग रुंद पुठ्ठ्याची पाळी आली. तो ठेवल्यावरही बाबांचं कपाळ वरून दिसतच होतं, म्हणून मी त्याच्याखाली दोन जाडजूड शब्दकोश सारले. "पडदा नजरेच्या रेषेत हवा, डॉक्टर सांगतात." कोणते डॉक्टर, ते त्यांनी विचारलं नाही. अर्ध्या तासाने म्हणाले, "मला एक शब्द बघायचाय," आणि एक शब्दकोश ओढून नेला. पडदा एका बाजूला कलला. दहा मिनिटांनी दुसरा शब्द अडला. या माणसाने आयुष्यात शब्दकोश उघडलेला मी पाहिला नव्हता. पण माप वाढवलेलं त्यांना सहन होणं शक्यच नव्हतं, आणि मला त्यांच्यावर रागावताही येईना, कारण लबाडी माझीच होती.

रविवारी आम्ही दुकानात गेलो. रुंद पुठ्ठा रिक्षात दोघांच्या मांडीवर आडवा. दुकानात खरा पडदा समोर आला आणि बाबा थांबले. तो वाकलेला होता.

"हा वाकडा आहे," ते विकणाऱ्या बाईंना म्हणाले.

"कर्व्हड आहे काका. दोन्ही कडा डोळ्यांपासून सारख्या अंतरावर राहतात."

"सरळ बनवता येत नाही म्हणून असं सांगता, की खरंच?"

बाई हसल्या. बाबांनी पुठ्ठा त्याच्या शेजारी धरला, हळूहळू वाकवून बघितला, मधोमध चूण पडली. मग पडद्याच्या मागे जाऊन उभे राहिले. मी पुढून बघत होते. ते अजिबात दिसत नव्हते. बराच वेळ ते तिथेच उभे होते.

"हाच घे," मागून आवाज आला. "मानेला बरा."

हरल्यावर माणूस इतक्या सहज हो म्हणाला की जिंकल्याची मजाच गेली.

सोमवारी पडदा टेबलावर बसला. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मधे शब्दांची यादी, सगळं ऐसपैस. आणि पलीकडे शांतता. पाण्याची बातमी नाही, बाईंची सर्दी नाही. मी दोन दिवसांत चार दिवसांचं काम उरकलं. संपादकबाईंनी तब्येतीची चौकशी केली. मला फार आनंद झाला होता, आणि तो दाखवायला समोर कोणी दिसत नव्हतं.

बुधवारी चार वाजता चहा झाला. मी फिल्टरच्या जाळीपाशी अडले होते, तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

"त्या विश्रांतवाडीच्या मैत्रिणीला खोल्या किती आहेत?"

म्हणजे त्यांनी ओळखलं होतं. "दोन."

"उजेड?"

"बरा आहे. खिडकी पूर्वेला आहे."

"हं."

मी पुन्हा फिल्टरच्या जाळीकडे वळले. मला वाटलं, विषय संपला.

"आपली पण पूर्वेलाच आहे," ते म्हणाले.

मी मान वर करणार होते, केली नाही. मला त्यांचा चेहरा दिसला असता तर त्यांना माझाही दिसला असता, आणि मग ते पाण्याच्या बातमीकडे वळले असते. दोन वर्षं समोरासमोर बसून ज्या माणसाला एक प्रश्न विचारता आला नव्हता, तो आता आडोशामागून बोलत होता. मी उगाच की-बोर्डवर काहीतरी बडवत राहिले, म्हणजे त्यांना वाटावं मी कामात आहे.

"तुझं मोडलं," ते म्हणाले, "तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. बापाला वाटतंच. मला वाटलंसुद्धा. पण तू बॅगा घेऊन दारात उभी राहिलीस ना, तेव्हा आधी बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्याची लाज वाटते मला अजून. म्हणून काही विचारलं नाही तुला."

पडद्यावरच्या दोन्ही भाषा मला धूसर दिसायला लागल्या. एवढी मोठी भिंत मी मुद्दाम विकत आणली होती, म्हणून निदान तिच्यामागे रडता तरी आलं.

"बाबा," मी म्हटलं, "दोन खोल्या मला एकटीला फार होतात."