होम प्लेटपासून चार बोटं

पेडणेकर धुळीत पालथे पडले होते, आणि मी काहीच बोलत नव्हते.

मी बेसबॉलची अंपायर आहे. आठवडाभर हमरिया फ्री झोनमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत क्वालिटीचं काम बघते आणि शनिवार-रविवार दुबईतल्या लीगमध्ये मॅचमागे फी घेऊन उभी राहते. त्या दिवशी परीक्षा माझी होती. जाळीमागे आमचे फिलिपिनो सीनियर अंपायर रेने बसले होते, मांडीवर क्लिपबोर्ड घेऊन. पास झाले तर अबुधाबीच्या टूर्नामेंटमध्ये प्लेट अंपायर, म्हणजे बॅटरच्या मागे उभी राहणारी मुख्य अंपायर. नापास झाले तर आणखी वर्षभर बाजूच्या बेसवर ऊन खात उभं राहायचं.

शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत, दोन आउट; तिसऱ्याला इनिंग संपणार. पेडणेकर होमकडे धावत सुटले. अल कुसैसमध्ये त्यांचं केटरिंग आहे, आणि त्यांचं पोट हीच त्याची जाहिरात. माझ्या नवऱ्याचे मित्र, म्हणून मला वहिनी म्हणतात. कुंपणापलीकडून बायको आणि मुलगी व्हिडिओ काढत होत्या. त्यामुळे सरळ धावत येण्याऐवजी त्यांनी झोकात अंग झोकून दिलं.

होम प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेला पांढरा रबरी पाचकोन. धावणाऱ्याने त्याला हात किंवा पाय लावला की रन. पेडणेकरांचा हात त्याच्या चार बोटं बाजूने गेला. कॅचर होता सातो नावाचा जपानी इंजिनिअर. त्याने आउट करण्यासाठी त्यांच्या अंगाला बॉल लावायला ग्लोव्ह फिरवला, तोही हवेतच फिरला. अशा वेळी अंपायरने सेफही म्हणायचं नसतं आणि आउटही. हात खाली, तोंड बंद. चूक ज्याच्या आधी लक्षात येईल, त्याचा फायदा: धावणाऱ्याने परत येऊन हात लावला तर रन, कॅचरने बॉल घेऊन प्लेटवर पाय ठेवला आणि चूक दाखवली तर आउट.

दोन्हीकडून ओरडा सुरू झाला. कोणी माझ्या चष्म्यावरून बोललं, कोणी वयावरून. पेडणेकरांनी मान वर करून हळूच मराठीत विचारलं, "वहिनी, लागला ना हात?"

मैदानात मराठी आम्हा दोघांनाच कळत होतं. "परत लावा" एवढं पुटपुटले असते तरी रेनेंना पत्ता लागला नसता. मी मास्कमधून समोर बघत राहिले. गप्प आहे म्हणजे होच, असं धरून पेडणेकर उठले आणि टीमबरोबर नाचायला गेले.

सातोने माझ्या खाली असलेल्या हातांकडे बघितलं. मग प्लेटवर पाय ठेवला आणि बॉल वर धरला.

"मिस्ड होम."

"आउट," मी म्हणाले.

जादा इनिंगमध्ये पेडणेकरांची टीम हरली. ते तडक माझ्याकडे आले.

"वहिनी, दरवर्षी फराळ माझ्याकडून नेता. नुसती मान हलवता आली नाही?"

मुलीने फोन त्यांच्यापुढे धरला. "बाबा, यू मिस्ड इट बाय अ माइल."

"माइल नाही, चार बोटं," मी म्हटलं.

रेनेंनी विचारलं, तो खाली पडून काय म्हणत होता? मी सांगितलं. मग तू काय म्हणालीस? काही नाही. त्यांनी कागदावर एक टिक केली. "खलास," म्हणजे इथल्या अरबीत काम झालं. "अबुधाबी."

पेडणेकर महिनाभर फक्त माझ्या नवऱ्याशी बोलत होते. माझं त्यांना आणि सगळ्याच खेळाडूंना एवढंच सांगणं आहे: अंपायर गप्प उभी असेल, तर तिला काही विचारत बसू नका. प्लेट जमिनीत बसवलेली असते, कुठे जात नाही. हात लावून घ्या.