वणीतला समुद्र आणि त्याच्या सहा तारा

आख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात स्वतःच्या मालकीचा समुद्र असलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. समुद्र वणीला होता. बाहेरच्या रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जात, ओट्यावर पांढरा टॉवेल वाळत घातला तर संध्याकाळी तो करडा होऊन आत येई, आणि बैठकीत मात्र दिवाणाएवढ्या काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, जिवंत प्रवाळ संथपणे डुलत असत. त्यांच्या आडून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी आल्यागेल्याकडे बघत राही. मुंबईहून मिठाची पोती यायची तेव्हा ट्रान्सपोर्टवाला दरवेळी विचारी, "मामा, एवढं लोणचं कोण खाते तुमच्या घरी?"

मामा जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचे. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून आतला माल ओला आहे की तापला आहे हे ते सांगत. जगात जे जे ढिगाने असतं ते हात घालूनच कळतं, अशी त्यांची श्रद्धा झाली होती. गव्हाची कोठी, आंब्याची अढी, एकदा तर परक्याच्या लग्नात आचाऱ्याची नजर चुकवून कणकेची परात. आचारी ओरडला तेव्हा मामांनी शांतपणे पीठ झटकत सांगितलं, "पाणी कमी हाये. पुऱ्या कडक होतीन." झाल्याही. पण मग कापसाची ती वाईट वर्षं आली. जिन भर हंगामात बंद राहू लागली आणि मामांच्या हाताला ढीग उरला नाही. त्याच सुमारास ते मुंबईला एका लग्नाला गेले, हॉलच्या दारातली माशांची टाकी बघत उभे राहिले आणि अक्षता मुठीत तशाच घेऊन घरी परतले. "हात रिकामा राहून राह्यला होता, जवाईबापू," ते मला म्हणाले. "आता कोपरापर्यंत समुद्रात जाते."

समुद्र आला तसा मामांचा प्रवास संपला. वणीचा उन्हाळा आणि दिवसाकाठी कित्येक तासांचं भारनियमन, यांच्या भरवशावर समुद्र टाकून कोण जाणार? उमरखेडला दिलेल्या लेकीकडे जायचं मामी दर सणाला काढत, आणि दर सणाला एखादं प्रवाळ मान टाकून बसे. शेवटी मामांनी एक कंट्रोलर मागवला. भिंतीवर लावायची एक पेटी, तिच्यातून निघालेल्या तारा, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एकेक गोष्ट मोजणारा प्रोब. पेटीवर आकडे दिसत आणि बिनसलं की लाल दिवा लागे. तो आला की आपण उमरखेडला जाऊ, असं मामांनी कबूल केलं होतं. पण तापमानाची तार आली तेव्हा त्यांना पाण्याच्या पातळीची हवीशी वाटली. मग खारटपणाची, मग पाणी आंबट होतं की काय ते सांगणारी पीएचची. पाचवी टाकीखाली फरशीवर ठेवायची, गळती झाली की बोंबलणारी. मामी रोज सकाळी फरशी पुसत आणि ती रोज सकाळी बोंबले. शेजारच्या गॅरेजवाल्या चाचांनी तर त्यावर आपलं घड्याळ लावायला सुरुवात केली. सहावीचं नाव ओआरपी. ती काय मोजते हे मामांनी मला अनेकदा समजावलं, दरवेळी वेगळं.

यातली पीएचची तार सगळ्यांत मानी निघाली. खिडक्या लावलेल्या खोलीत माणसं जास्त झाली की त्यांच्या श्वासाने हवा कोंदते, ती हवा पाण्यात उतरते आणि पीएचचा आकडा खाली येतो. हे शास्त्र खरं आहे. पण लेकीला दुसरं बाळ झालं आणि उमरखेडचे व्याही-विहीण बारशाचं आमंत्रण घेऊन आले, तेव्हा ते सांगायची वेळ नव्हती. चहा अर्धा झाला होता. मामांनी भिंतीवरच्या पेटीकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "तुम्ही लोकं जरा ओट्यावर बसता काय?"

व्याह्यांनी कप खाली ठेवला. "आमच्या श्वासानं तुमचे मासे मरतेत काय?"

"मरत नाहीत," मामा प्रामाणिकपणे म्हणाले. "पण नाराज होतेत."

व्याही नाराज झाले ते माशांपेक्षा जास्त. आमंत्रण त्यांनी ओट्यावरून दिलं आणि जाताना मामांकडे बघितलंही नाही. मामींनी कपबशा उचलल्या. "मी चालली बारशाले," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही आले, तर पोरीले सासरी काय तोंड उरन? पाह्यजा."

मामा सहा तारांकडे बघत बसले. माझ्यावर समुद्र सोपवून जायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण सहा आकडे मला झेपणार नाहीत हे त्यांना दिसत होतं. मामी समोर येऊन बसल्या.

"हे आंबट-बिंबटवालं. लाल झालं तर जवाईबापूनं काय करायचं?"

"खिडकी उघडायची."

"मंग उघडीच ठेवून जाऊ. हे फरशीवालं?"

"गळालं तर समजते."

"पाय ओला झाला की बी समजते. खारटवालं?"

"उडाल्या पाण्याइतकं साधं पाणी टाकलं की खारट बरोबर राह्यते."

"म्हणजे ते पातळीवालंच सांगते. अन् हे सहावं?"

मामांनी ती तार दोन बोटांत धरून पाहिली. "हे नुसतं पाहायसाठी हाये."

"मंग आल्यावर पाह्यजा," मामी म्हणाल्या. उरल्या दोन तारा. तापमान वाढलं तर बर्फाची बंद बाटली पाण्यात सोडायची, पातळी उतरली तर पाणी घालायचं. निघताना मामांनी पेटीतून चार तारा स्वतःच्या हाताने काढल्या, एखाद्याच्या नाकातली नळी काढावी इतक्या हळू, आणि खिडकी सताड उघडून ते यष्टीत बसले.

बारशाच्या दिवशी मी दोन्ही आकडे पाठ करून फोनपाशी बसलो होतो. फोन आला. मामांनी समुद्राचा स देखील काढला नाही. नातीच्या आंघोळीच्या पाण्यात हात घालायचं काम विहिणीनेच त्यांच्याकडे दिलं होतं. "पाणी इथं फार तापवून राह्यले होते, जवाईबापू," ते हळूच म्हणाले. "मी दोन दिवस थांबतो." मागून व्याह्यांचा आवाज आला, "चार म्हणा, चार."

फोन ठेवून मी सहज टाकीत कोपरापर्यंत हात घातला. मला काही कळलं नाही. पाणी होतं, एवढंच.

आता मामा नाहीत, समुद्रही नाही. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या वाईट वर्षांत बाजारातून कापूस पडत्या भावाने देऊन, किंवा न देताच परत निघालेले ओळखीचे लोक मामांच्या बैठकीत येऊन बसत. खोली भरून जाई. सगळे त्या दोन माशांकडे बघत बसत. भिंतीवर पीएचचा दिवा लालभडक पेटलेला असे आणि मामा त्याच्याकडे पाठ करून उभे असत. त्यांतल्या एकालाही त्यांनी कधी ओट्यावर बसायला सांगितलं नाही.

परवा मे महिन्यात वणीला गेलो होतो. झळा थेट आत येत होत्या. मी म्हटलं, "मामी, खिडकी लावू का?"

"राहू दे, जवाईबापू," मामी म्हणाल्या. "माणसं येतेत-जातेत."