संमतिपत्रातली चौथी ओळ

त्या संमतिपत्रात सात ओळी होत्या. झरीतल्या एका पाड्यावर, शेणाने सारवलेल्या ओट्यावर बसून मी त्यातल्या सहा मोठ्याने वाचल्या आणि चौथी गाळली. वाचताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. वर्षानुवर्षं धडे वाचून दाखवणाऱ्या बाईला एक ओळ गाळणं काही अवघड नसतं.

मी डहाणूच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि शाळेचं गाइडचं पथक सांभाळते. माहेर चिंचणीकडचं, चिकूच्या वाडीतलं. घरात मी थोरली, त्यामुळे हुकूम सोडायची सवय लहानपणापासूनची. मुली मला पाठीमागे हुकूमशहा म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि ते खोटंही नाही. यादी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोरी किती हात, काडेपेट्या किती, कुणाच्या बुटाची नाडी तुटायला आली आहे, सगळं माझ्या वहीत असतं.

त्या वर्षी मी ठरवलं की मुलींना तीन दिवस कॅनूतून न्यायचं. कॅनू म्हणजे दोघींनी वल्हवायची लांबट, निमुळती होडी. जरा जास्त हललं की कलंडते. तलासरीकडच्या एका धरणाच्या पाण्यातून आत आत जायचं, जिथे रस्ता नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. काठावरच्या रानात दोन मुक्काम करायचे आणि तिसऱ्या दिवशी परतायचं. साहसी खेळ शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्रशिक्षकाने पाच कॅनू द्यायचं कबूल केलं. चार होड्यांत आठ मुली, पाचवीत तो आणि मी. आमच्या भागात असं कुठल्या पथकाने केल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं, आणि हे मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

होड्या यायला अजून महिना होता. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी मैदानावर बाकं एकामागे एक मांडली, मुलींच्या हातात खराटे दिले आणि शिट्टीच्या तालावर वल्हवायला लावलं. शिपाईमामा कपाळाला हात लावून बघत उभे राहायचे. "बाई, निदान खराटे तरी पाच वाजेपर्यंत परत द्या," एवढंच म्हणायचे. मग गाठींचा सराव. मग तांदूळ आणि पीठ घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरून त्या बादलीत बुडवून बघायच्या. आईने चिंचणीहून सुके बोंबील पाठवले होते. त्यांचा डबा उघडला की स्टाफरूम रिकामी व्हायची. मला फार मजा येत होती, हे कबूल करायला हवं.

होड्या आल्या आणि गावाबाहेरच्या तळ्यावर सराव सुरू झाला. तिथे एक मुलगी उठून दिसायला लागली. नववीतली, झरीची, डहाणूच्या वसतिगृहात राहून शिकणारी. वर्गात तिचा आवाज कधी ऐकू यायचा नाही. कॅनूत मागे बसणारीने दिशा सांभाळायची असते. बाकीच्या मुली पाण्यावर वल्हं आपटायच्या आणि होडी जागच्या जागी गोल फिरायची. हिचं वल्हं आवाज न करता पाण्यात शिरायचं आणि होडी सरळ जायची. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "बाबाने. तो नदीत मासं धरायचा तेव्हा." प्रशिक्षक म्हणाला, "मॅडम, सगळ्यात पुढची होडी हिच्याकडे द्या, म्हणजे मला मागच्यांकडे बघता येईल." मी वहीत तिच्या नावापुढे बरोबरच्या दोन खुणा केल्या.

आठवड्याभराने ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "बाई, मी नाय येत."

कारण विचारलं तर म्हणाली, घरचा नवस आहे. तिचा बाबा तिकडच्या अनेक पुरुषांसारखा गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बोटीने समुद्रातली हद्द ओलांडली आणि पलीकडच्यांनी सगळ्यांना धरून तुरुंगात टाकलं. एक पत्र आलं, नंतर तेही नाही. तेव्हा तिच्या आईने महालक्ष्मीला नवस बोलला होता: नवरा घरी येईपर्यंत आमच्या घरातलं कुणी होडीत पाय ठेवणार नाही. तळ्यावरचा सराव तिने घरी सांगितलाच नव्हता, आणि आता तिला ते सोसत नव्हतं.

"तू काही बोलू नकोस. मी बोलते आईशी," मी म्हटलं.

मला राग आला होता. होडीत न बसल्याने परक्या मुलखातला तुरुंग उघडतो का, असं त्या बाईला विचारावं असं वाटत होतं. पण खरं सांगते, माझा प्रश्न वेगळाच होता. ही नसली तर पुढची होडी कुणाला द्यायची? मुलीचं भलं, तिचा आत्मविश्वास वगैरे मी वर नंतर चिकटवलं.

रविवारी तिला स्कूटरवर मागे बसवून झरीला गेले. आई भात झोडून नुकतीच घरी आली होती, केसांत तूस अडकलेलं. तिने कोरा चहा केला. ती मला "तू" म्हणत होती. पाड्यावर सगळ्यांनाच तू म्हणतात, त्यात अनादर नसतो. तिला सगळं समजावून सांगायचं असं ठरवूनच मी आले होते. पण आत खुंटीला नवऱ्याचा एक शर्ट टांगलेला दिसला. दोन वर्षं घरी नसलेल्या माणसाचा शर्ट, आणि धुतलेला, स्वच्छ. त्या शर्टासमोर नवसाबद्दल वाद घालायचं मला धाडस झालं नाही. ही नाही म्हणेल, असं वाटलं. मग मी कागद काढला आणि वाचायला लागले. मुलीचं नाव, शाळेचं नाव, शिबिराचे दिवस. चौथ्या ओळीत लिहिलं होतं की माझी मुलगी धरणाच्या पाण्यातून होडीने प्रवास करणार आहे आणि त्याची मला पूर्ण कल्पना आहे. मी तिसरीवरून पाचवीवर गेले. पाचवीत तंबूतला मुक्काम होता.

"रानात ऱ्हायाचं?" आई हसली. "रानाचं काय भ्या? रान आमचंच. तू हायेस ना संगती?"

"आहे ना."

"मंग झालं."

तिने अंगठा उठवला. मुलगी खांबाला टेकून उभी होती आणि तिला वाचता येत होतं. तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे बघत राहिली. ती मूग गिळून गप्प बसली, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं. विश्वासपात्र असणं हा गाइडचा पहिलाच नियम, आणि तो मी दर आठवड्याला मुलींकडून घोकून घेते. निघताना आईने सगळ्या पोरींसाठी म्हणून नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची पुरचुंडी माझ्या हातात दिली.

सहल उत्तम झाली. हेच तर वाईट आहे. काही बिघडलं असतं तर मला तेव्हाच शिक्षा झाली असती. पहिल्या सकाळी होडीत चढण्याआधी त्या मुलीने वाकून ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. मी पाहिलं आणि दोरीची गाठ तपासायला वळले. गाठ पक्की होती. नंतर मात्र ती खुलली. पुढच्या होडीतून मागच्या मुलींना ओरडून सांगायची, इकडून या, तिकडे पाण्याखाली झाडाची खोडं आहेत. संध्याकाळी चुलीवर तिने नागलीच्या भाकऱ्या थापल्या, बोंबील भाजले, आणि वर्गात न बोलणारी ही पोर सगळ्यांना हसवत होती. परतताना तिच्या तळहातांवर टरारून फोड आले होते. मी मलम लावून दिलं. घरी विचारलं तर काय सांगशील, असं विचारायचं जिभेवर आलं होतं, पण चोराच्या मनात चांदणं. मी विषयच काढला नाही.

परीक्षेच्या थोडं आधी तिची आई शाळेत आली. रोजावरचं काम बुडवून आली होती, हातात शेजाऱ्याचा मोबाइल. पलीकडून काही खलाशी सुटले होते आणि त्यांची यादी कुणीतरी पाठवली होती. त्यांच्या पाड्यावरच्या दोघांची नावं त्यात आहेत असं तिच्या कानावर आलं होतं.

"पोरीला नको दावू, ती रडंल," ती म्हणाली. "तू वाच. समद्या ओळी वाच."

व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी वाचत गेले. माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. पाड्यावरच्या त्या दोघांची नावं आली, तिच्या नवऱ्याचं न येताच यादी संपली. मी पुन्हा वरून वाचली. पुन्हा संपली.

"एकबी सोडली नायस ना?"

"नाही," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "माझ्याच नवसात काय उणं ऱ्हायलं?" मग तिने स्वतःच उपाय सांगितला: आता तो येईपर्यंत मासळी बंद आणि पायात चपला नाहीत. उठली, फाटकाशी जाऊन चपला काढल्या, हातात घेतल्या आणि तापलेल्या डांबरावरून बसथांब्याकडे चालायला लागली. मी बाकावरून उठलेसुद्धा नाही. मी कधी इतकी भित्री नव्हते, असं मला वाटत होतं.

वसतिगृहात बातमी पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी मुलीने घडी घातलेला स्कार्फ आणि शिट्टी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "बाई, बाबाचं नाव माझ्यामुळं नाय आलं."

मी तिला शास्त्र सांगायला लागले. असं काही नसतं, सुटका सरकारं ठरवतात, होडीचा आणि याद्यांचा काय संबंध. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमी आईला का नाय सांगितलं?"

पुढच्या रविवारी झरीला गेले. आई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. पाय अनवाणी, टाचा भेगाळलेल्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: चौथी ओळ, सराव, तीन दिवस, पोरीला गप्प राहायला सांगितलं तेही. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. तिचा हात फुलांवरून फिरायचा थांबला होता.

"फोड दिसलं व्हतं पोरीच्या हाताला," ती म्हणाली. "म्हटलं, तंबूचा दोर वढला आसंल. बाई वाचून गेली, त्यात नव्हतं तं नव्हतं." मग माझ्याकडे बघून, "इचारायचं व्हतंस."

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"नाय कशाला? देवीम्होरं नारळ ठेवायचा, पोरीपुरतं सोड म्हणायचं. पोर शिकाया जाते, देवी काय आडवी येते? एका नारळाचं काम व्हतं."

दोन महिने मी तयारी केली होती. दोरी, काडेपेट्या, बरण्या, मलम, जादा नाड्या. माझ्या वहीत नारळ नव्हता, आणि तो का नव्हता हे मला त्या अंगणात पुरतं कळलं. नवस म्हणजे अडाणीपणाची भिंत, असं मी धरून चालले होते. त्या भिंतीला दार असेल, आणि ते वाजवून बघावं, असं माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नाही. शरमेने मला तिच्याकडे बघवेना.

"चपला तरी घाला," मी म्हटलं. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. निघताना मी म्हटलं, पुढची यादी आली की निरोप द्या, मी स्वतः येऊन वाचून दाखवीन.

"नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आता पोरगीच वाचंल."

"ती रडेल."

"रडली तं रडली," ती म्हणाली आणि पुन्हा फुलं पसरायला लागली. "पन समदं वाचंल."