काकांचा पिवळा

बेज, म्हणजे त्या फिकट मातकट रंगावर इतका संतापणारा माणूस मी अख्ख्या अमेरिकेत दुसरा पाहिला नाही. तिथल्या नोव्हाय गावी आमच्या समोरच्या घरात राहणारे हे काका मोटारींच्या रंगांच्या लॅबमधून निवृत्त झाले होते. दाराचा लाल आणि बॉनेटचा लाल एकच आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं ही त्यांची नोकरी, आणि निवृत्तीनंतर ती त्यांनी आमच्या घरी फुकटात चालू ठेवली. आम्ही नवं घर घेतलं, सत्यनारायण घातला, तर हे गृहस्थ बूटही न काढता दारात थबकले आणि गुरुजींच्या देखत ओरडले, "ही भिंत आहे की मलमपट्टी?" बायको प्रसादाची वाटी घेऊन तशीच उभी. मला असा राग आला! "बिल्डरने सगळ्यांना हाच बेज दिलाय, काका," मी म्हणालो. "म्हणून तुम्ही चालवून घ्यायचं?" आमच्या चंदेरी गाडीबद्दल तर "रंग कंटाळला की असा होतो" असं ते म्हणायचे, तेही त्याच गाडीत बसून, मी त्यांना एअरपोर्टला ड्रॉप करायला निघालेलो असताना.

असल्या माणसाबरोबर चित्रं बघायला जाऊच नये. पण एका रविवारी त्यांनी आम्हा दोघांना आणि काकूंना म्युझियममध्ये नेलंच. एका फ्रेंच चित्रकाराची उतारवयातली चित्रं तिथे लागली होती. मला वाटलं, राजवाडे असतील, लढाया असतील. तर जिकडेतिकडे जेवणाचं टेबल! टेबलावर फळांची परडी, कॉफीचा कप आणि कडेला त्याची बायको, मागच्या पिवळ्यात अशी मिसळलेली की सगळ्यात शेवटी दिसावी. पुढच्या चित्रात तीच टबात पहुडलेली, पाणी जांभळं, फरशी सोनेरी. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "बाई जरा लांबट आलीय." झालं! "बाई? अरे, बायको आहे ती त्याची! आयुष्यभर तेच घर, तीच बायको, तोच टब, आणि दर वेळी रंग नवा. आणि तुम्हाला साल्यांनो सगळं न्यूट्रल पाहिजे!" तावातावाने हातवारे करताना त्यांचं बोट चित्राच्या इतकं जवळ गेलं की गार्ड धावत आला. काकांनी त्यालाही इंग्रजीत सुनावलं, की हा चित्रकार म्हणे म्युझियममध्ये टांगलेल्या स्वतःच्या चित्रांवरही गुपचूप ब्रश फिरवून यायचा, तेव्हा चित्र पुरं झालं हे ठरवणारे तुम्ही कोण? काकू बाकावरून म्हणाल्या, "ह्यांना कुठे न्यायची सोय नाही." मग त्या टेबलाच्या चित्राकडे बघत म्हणाल्या, "पिवळा मात्र गोड आहे हो. आपल्या किचनला द्या की."

काकांनी दिला. काकू म्हणाल्या, "फिका वाटतो." काकांनी आणखी गडद आणून लावला. "छे, अजून पांढुरकाच दिसतोय." वर्षभर हा उद्योग चालला. आमच्या डोळ्यांना तो पिवळा असा झोंबायचा की तिथे बसून खाताना पोह्यांत हळद आहे की नाही तेच कळेना. आणि मग एक दिवस काका आमच्याकडे आले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "बरी आहे." आम्ही घाबरूनच गेलो. मी त्यांना ड्राइव्हवेवर गाठलं, तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, "माझा डोळा गेला रे. मला भडक दिसतं ते हिला फिकं दिसतं. जन्मभर लोकांना नावं ठेवली, आता कुठल्या तोंडाने बोलू?" लॅबमध्ये साहेबाचंही न ऐकणारा हा माणूस बायकोच्या शब्दावर स्वतःचा डोळा मोडीत काढत होता! "काका, भडकच आहे तो!" मी ओरडलो. "तू बेजवाला. तुझं काय ऐकायचं?"

शेवटी ते डोळे तपासायला गेले. त्यांचे डोळे ठणठणीत निघाले. सोबत गेलेल्या काकूंनीही सहज तपासून घेतलं, तर त्यांना मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ऑपरेशननंतर काकू पहिल्यांदा किचनमध्ये आल्या तेव्हा आम्ही वरण-भाताचा डबा घेऊन तिथेच होतो. "अगं बाई! अहो, हे काय करून ठेवलंत?" आम्ही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. "मी भडक म्हणत होतो की नाही?" असं गरजून ते गॅरेजमधून पांढऱ्या रंगाचा डबा आणायला निघाले, तर काकूंनी त्यांचा शर्ट धरला. "हात लावाल तर बघा. मी म्हणेन तसा देत गेलात ना? मग असू दे." पिवळ्या गाऊनमध्ये त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, सगळ्यात शेवटी दिसाव्यात अशा. काका बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली आणि आमच्या भिंतीचा पुन्हा यथासांग उद्धार झाला. बायकोने आनंदाने चहा टाकला.

घरांचे भाव कोसळले त्या वर्षी दोघं प्लेनोला मुलीकडे राहायला गेले. किचन न्यूट्रल, म्हणजे बेजबिज, केल्याशिवाय घर विकलं जाणार नाही, असं एजंट बजावत होता. काकांनी त्यालाच घराबाहेर काढलं. नव्या शेजाऱ्यांकडे आम्ही केक घेऊन गेलो, तर किचन बेज! फक्त पॅन्ट्रीच्या दारामागे बोटभर पिवळा राहून गेला होता. माझं डोकंच फिरलं. तोंडून मराठीतच निघालं, "ही भिंत आहे की मलमपट्टी?" शेजारीण गोड हसून म्हणाली, "थँक यू!"

घरी येऊन मी आमच्या भिंतीसमोर बसून राहिलो. तिला नावं ठेवायला आता कुणी येत नाही.