वसईकराचं स्कॉटलंड

बहरीनला असताना गुदैबिया भागात आमच्या वरच्या मजल्यावर एक वसईकर राहायचा. नोकरी झल्लाकच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये, रिसेप्शनवर. तिथे उतरणाऱ्या स्कॉटिश पाहुण्यांकडून ऐकून ऐकून त्याला त्यांचा किनारा तोंडपाठ झाला होता. शुक्रवारी सुट्टीला आम्हाला तिथल्या समुद्रावर न्यायचा आणि सपाट वाळूकडे हात करून सांगायचा, "समजा, हा कडा. वर पडका किल्ला. खाली बोटीतून सील प्राणी बघायचे. स्वेटर मात्र पायजेच हां!" आम्ही घाम पुसत माना डोलवायचो.

"अरे, इथला समुद्र तरी बघू दे," मी एकदा वैतागलो.

"हा काय, रोजचाच आहे!"

शेवटी एका म्हाताऱ्या स्कॉटिश जोडप्याने त्याला घरी बोलावलंच. दर सुट्टीत वसईला पळणारा माणूस त्या वर्षी स्कॉटलंडला गेला. हिवाळ्यात ते जोडपं पुन्हा झल्लाकला आलं, तेव्हा त्याने आमची ओळख करून दिली. मी विचारलं, "मग, किल्ला आवडला का याला?"

आजीबाई हसत सुटल्या. "किल्ल्याकडे पाठ करून आमच्या शेजाऱ्यांना झल्लाकची वाळू समजावत होता. म्हणे, स्वेटर मात्र घरीच ठेवा हां!"