सर्वांसाठी अठ्ठावीस

रमाकांत भदाणे मूळचा चाळीसगावचा, घर सिल्वासाजवळच्या डोकमर्डीत. सिल्वासातल्या एका यार्न कारखान्यात एकवीस वर्षं तो प्रोग्राम लिहीत होता. त्याने लिहिलेल्या आकड्यांवर दोरा ताणणाऱ्या मशिनी चालत, आणि त्याचा त्याला केवढा तोरा! पण मधुमेहाने डोळ्यांचे पडदे खाल्ले. वापीच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "गेलं ते येणार नाही. आहे ते सांभाळा." ऑफिसात कळलं तर काम हातातून जाणार, म्हणून ही गोष्ट फक्त बायकोला, प्रमिलाला, ठाऊक होती.

उपाय सोपा होता. प्रोग्राम लिहायच्या एडिटरमधली अक्षरं मोठी करायची. तो रोज करायचा आणि रोज सकाळी ती पुन्हा मुंगीएवढी! नव्या मॅनेजर तेजस्विनी मॅडमनी सगळ्यांचे एडिटर एका सामाईक फाइलीला बांधून टाकले होते. कोणाला काय हवं ते त्या फाइलीत लिहायचं. सकाळी यंत्रणा त्याबरहुकूम एडिटर नव्याने मांडणार आणि हाताने केलेलं सगळं पुसणार. शिस्त म्हणून उत्तमच. पण दृष्टी लपवणाऱ्या माणसाने सगळ्यांच्या देखत तिथे काय लिहावं?

पुढे हाताने अक्षर वाढवायची सोयही बंद झाली. दोन महिने त्याने स्क्रीनला नाक लावून काढले. मग एका सोमवारी त्याने शून्याचा आठ वाचला. त्याने ती फाइल उघडली आणि आपल्या नावाखाली अक्षराचा आकार अठ्ठावीस लिहिला. कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. शेवटी त्याने लिहिलं, "दिसत नाही."

मंगळवारी ऑफिसात एकच गोंधळ. आपलं नाव समजून त्याने जी ओळ धरली होती, ती "सर्वांसाठी" अशी होती. पाचही स्क्रीनवर वांग्याएवढी अक्षरं!

"अरे रमाकांतभाई, आ शुं कर्युं? ऑफिस आहे की बालवाडी?" शेजारचा कल्पेश हसत सुटला. मग त्याने कारण वाचलं आणि एकदम गप्प झाला. ते गप्प होणं रमाकांतला फार झोंबलं.

तेजस्विनी मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी सगळ्यांचं पूर्ववत केलं आणि रमाकांतच्या नावाखाली स्वतः दोन ओळी लिहिल्या.

बुधवारी त्याचा एडिटर उघडला तो ठसठशीत अक्षरांत. किती महिन्यांनी ताठ बसून वाचता आलं! बोटं आपोआप की-बोर्डवर गेली. काहीच उमटेना. त्याने पुन्हा दाबलं, जोरात दाबलं. मग फाइल उघडून आपलं नाव शोधलं. अक्षर: अठ्ठावीस. लिहिणे: बंद.

मॅडम खुर्ची ओढून जवळ बसल्या. "एखादा आकडा चुकला तर मशीनवरच्या माणसाचा हात जाईल, काका. तुम्ही सध्या वाचून तपासून द्या. मोतीबिंदूच आहे ना? माझ्या आईलाही होता. ऑपरेशन झालं की त्याच दिवशी सुरू करून देते. कधी करताय?"

"दिवाळीनंतर," रमाकांत म्हणाला.