पांढऱ्याकडे जाणारा हात

"आधी हात द्या. रंग मागून."

कोणी नवीन माणूस आला की सर स्वतःचा हात टेबलावर पालथा ठेवून एवढंच म्हणायचे. समोरच्याने आपला हात शेजारी ठेवायचा आणि दोघांनी एकमेकांच्या हाताचा रंग तयार करायचा. वाटतं तेवढं सोपं नाही हो. दुसऱ्याच्या कातडीकडे इतका वेळ नीट बघायची आपल्याला सवय कुठे असते? बघतो ते चोरून, नाहीतर नाक मुरडून.

सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात रविवारी सकाळी हा उद्योग चाले. तिथला डॉक्टर हा सरांचा जुना विद्यार्थी, म्हणून बाहेरची खोली फुकट. भिंतीवर किडक्या दाढेचं भलंमोठं चित्र आणि त्याखाली आम्ही. सुदानहून शिकायला आलेला एक मुलगा, ज्याला बघून घरमालकांच्या खोल्या अचानक भरलेल्या असत. पार्लरमध्ये काम करणारी मणिपूरची मुलगी, जिला रिक्षावाल्यापासून सगळे 'तुम्ही कुठल्या देशाच्या?' विचारत. पेठेतल्या दोन-तीन काकू. आणि मी. कोणीतरी म्हणालं, याला आर्ट थेरपी म्हणतात. सर म्हणाले, "थेरपी आत, खुर्चीवर. इथे फक्त रंग."

एकदा एका काकूंनी माझ्या हाताशेजारी हात ठेवला आणि खुदकन हसल्या. "अगंबाई, हिच्या मानाने मी उजळच की!"

"काकू," सर म्हणाले, "आपण मंडईत वांगी निवडायला बसलेलो नाही."

काकू पुढचे दोन रविवार फिरकल्या नाहीत. मग आल्या, आणि मुकाट्याने माझ्यासमोरच बसल्या.

आता मी तिथे का जात होते, ते सांगते. सर माझ्या शाळेत चित्रकला शिकवायचे. वडील अमरावतीकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आले होते, आमची वस्ती बौद्धांची, आणि शाळा ही अशी पेठेतली. सातवीत 'मी आणि माझं घर' असं चित्र काढायचं होतं. मी माझा चेहरा माझ्यासारखा, चांगला गडद रंगवला. सरांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, पांढऱ्याच्या बाटलीत बुडवला आणि बघता बघता मला गोरी करून टाकली. "आता बघ कशी गोड दिसतेस!" म्हणाले. चित्र प्रदर्शनात लागलं. आई ठेवणीतली साडी नेसून बघायला आली. बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "घर ओळखलं. तू कुठे आहेस यात?"

त्यामुळे दवाखान्याबाहेरच्या पाटीवर सरांचं नाव वाचलं तेव्हा मी भांडायलाच आत शिरले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ते सांगायला लागले, "एका मुलीचं चित्र मी नासवलं. तिला गोरी केली. ती भेटेपर्यंत हे दुकान बंद करायचं नाही असं ठरवलंय."

मी ओळख दिली नाही. खरं सांगू? मला मजा वाटली. प्रत्येक नव्या माणसाला ते ही गोष्ट सांगत, सांगताना त्यांचा आवाज फाटे, आणि मी मनात म्हणे, शोधा, शोधा.

पण राग तरी किती पुरवून वापरणार? सर थकत चालले होते. एका रविवारी सगळे गेल्यावर ते ब्रश धूत होते, तेव्हा मी म्हणाले, "सर, ती मुलगी मी. आता माझ्या मनात काही नाही." केवढं मोठं मन आपलं, असं वाटत होतं मला तेव्हा.

त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "डाव्या हाताने काढायचीस ना तू?"

"नाही सर. उजव्या."

"दुसऱ्या दिवशी तोंडाला पावडर थापून आली होतीस. मानेपर्यंत."

"नाही सर."

नळ वाहत होता. त्यांनी तो बंद केला.

"म्हणजे तू दुसरी," ते म्हणाले. "तुझं तर मला आठवतही नाही गं."

इथे गप्प बसायला हवं होतं मी. पण त्यांना आठवत नाही, हेच मला इतकं झोंबलं की तोंडातून निघून गेलं, "किती जणी असतील हो सर अशा?"

पुढच्या रविवारी त्यांनी ती गोष्ट सांगितली नाही. मला समोर बसवलं. "हात दे." रंग कालवता कालवता त्यांचा ब्रश पांढऱ्याच्या बाटलीकडे गेला. तिथेच थांबला. "बघ," ते म्हणाले, "कसा आपोआप जातो." पुन्हा कालवलं, पुन्हा गेला. शेवटी बाटलीला झाकण लावून ती माझ्या मांडीवर ठेवली. दुपारपर्यंत खपून त्यांनी माझा रंग आणला, अगदी माझाच. मी हसले. ते हसले नाहीत. "एक झाला," एवढंच म्हणाले.

त्यानंतर बरेच रविवार ते आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तर शाळेचे जुने गटफोटो पलंगभर पसरलेले. सगळे काळे-पांढरे. त्यात कोणाचा रंग कळणार? "या रांगेतल्या कोणाकोणाच्या चित्रावर हात फिरवला असेल गं मी?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांना माफ करायला गेले होते, आणि एका मुलीचं ओझं होतं तिथे अख्खी शाळा त्यांच्या छातीवर ठेवून आले. उन्हाळ्यात सर गेले.

खोली अजून रविवारी उघडते. आता टेबलाशी मी बसते. परवा माझ्याच वयाची एक बाई आली, दारातली सरांच्या नावाची पाटी पुन्हा एकदा वाचून आत आली.

"आधी हात द्या," मी म्हणाले.

तिने डावा हात पुढे ठेवला. मग खोलीभर नजर फिरवून विचारलं, "सर नाहीत का आज?"

मला 'गेले' म्हणवेना.